दारं जाळणारी राणी आणि धनेशीण

एक होता राजा, आणि त्याच्या राज्यात एकाही घराला दार नव्हतं. हो, खरंच नव्हतं. चौकट होती, उंबरा होता, पण दार म्हणून नव्हतं. गोदू, तोंड मिट आधी, माशी जाईल. अजून गोष्ट सुरूसुद्धा झाली नाही.

मग दारं गेली कुठे? तर ती राणीनं जाळली. राणीचं नाव सोनसळा. ती लहान असताना तिची आई वारली आणि सावत्र आई आली. ही बाई काय करायची, बाहेर निघाली की पोरीला भाताच्या कोठीत ढकलायची आणि बाहेरून कडी घालायची. आत काळोख. उंदीर. भाताचं कुसळ अंगाला टोचतंय. दाराखालून एक भाकरी आत सरकवायची, जगण्यापुरती, की झालं. पोर दार बडवून बडवून रडायची. एवढ्याशा लेकराला कोंडायचं! मला तर सांगताना अजून संताप येतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू गेलं नसेल? गेलं असणार. पण दुसऱ्याच्या घरात कोण बोलणार, म्हणून सगळे गप्प बसले.

मग ती मोठी झाली. राजानं मागणी घातली, लग्न झालं. राजा म्हणाला, "राणीसरकार, मागा काय हवं ते." त्याला वाटलं, दागिना मागेल, शालू मागेल. ती म्हणाली, "या राज्यात कडी नको, कुलूप नको. दारच नको." राजानं आ वासला. पण शब्द देऊन बसला होता. मग शिमगा आला, तेव्हा गावोगावची दारं बिजागऱ्यांसकट निघाली आणि होळीत गेली. राजवाड्याचं सागवानी दार तर होळी विझल्यावरही धुमसत होतं.

मग काय, विचारू नका. बैल सरळ माजघरात. कुत्री चुलीपाशी. राजा आंघोळीला बसला की प्रधानजी समोर उभे, "महाराज, तेवढं त्या बंधाऱ्याचं बोलायचं होतं." राजा तांब्या आडवा धरून म्हणायचा, "प्रधानजी, जरा पाठ तरी फिरवा हो!" कोंबड्यांना खुराडं नाही, पोपटाला पिंजरा नाही, चोराला कोठडी नाही. लोक कुरकुरायचे, पण राणीपुढे तोंड उघडायची कुणाची छाती नव्हती. तशी ती मायाळू होती, बरं का. पण कुणाला कुणी कोंडलंय, असं नुसतं कानावर आलं, तरी तिच्या अंगाची लाही लाही व्हायची.

तर एकदा काय झालं, राणी देवराईत देवीला नारळ ठेवायला गेली. देवराई म्हणजे देवीचं रान. तिथली काटकीसुद्धा कुणी तोडत नाही. बरोबर राजा होता, प्रधानजी होते, सेनापती होता. नारळ ठेवला, नमस्कार केला, आणि एवढ्यात वरून आवाज आला. घूस, घूस, घूस! जणू आभाळात कुणी सूप पाखडतंय. सगळे दचकले. सेनापती तर देवीच्या मागे जाऊन उभा राहिला. एवढ्या मिशा, आणि हे धाडस!

तो होता धनेश. पाखरूच, पण केवढं! पंख पसरले तर या खाटेला पुरून उरतील. पिवळीधमक चोच, आणि त्या चोचीवर आणखी एक चोच आडवी ठेवल्यासारखी. डोळे लाल. आणि डोळ्यांना पापण्यांचे केस, लांबच लांब. थट्टा नाही करत गं, असतात त्याला.

तो बेहड्याच्या झाडावर जाऊन बसला. झाडात उंच एक ढोली होती. पण ढोलीचं तोंड कुठे दिसेना, कारण त्यावर भिंत होती. चक्क भिंत! नुसती एक फट ठेवलेली, उभी, बोट शिरेल एवढी. धनेशानं घशातून एक पिकलेलं उंबर काढलं आणि त्या फटीशी धरलं. आणि राणी बघते तो काय! आतून दुसऱ्या चोचीचं टोक आलं, उंबर घेतलं आणि गेलं.

"अगंबाई! आत त्याची बायको आहे!" राणी किंचाळली. "मेल्यानं बायकोला जिवंत चिणली आणि वर एक एक उंबर टाकतोय, जगण्यापुरतं!"

नवरा बाहेर, बायको आत, मधे भिंत. मग भिंत कुणी घातली असेल? राणीला वाटलं, जो बाहेर आहे त्यानं. तिनं जन्मात कडी पाहिली ती बाहेरूनच लागलेली. दुसरं काही तिच्या मनात येणार तरी कसं?

मग जो तो शहाणपण सांगायला लागला. प्रधानजी म्हणाले, "राणीसरकार, आमची आजी सांगायची, हिनं मागच्या जन्मी सासूला उपाशी ठेवलं, म्हणून या जन्मी कोंडली जाते." सेनापती देवीमागूनच म्हणाला, "छे, छे! नवरा संशयी आहे. बायको कुणाला दिसू नये म्हणून हा बंदोबस्त." देवीचा गुरव म्हणाला, "ते पाखरूच नव्हे. जखीण आहे ती. सुटली तर गाव खाईल." तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. पण पाखराला कुणी विचारलं? कुणी नाही! एकानं जरी मान वर करून विचारलं असतं ना, तर पुढचं सगळं टळलं असतं.

मग राणीनं शिडी मागवली. राजा म्हणाला, "अहो, देवराई आहे. इथलं काही मोडू नये." राणी म्हणाली, "देवीला हे बघवत असेल, मला नाही बघवत." तिनं कासोटा मारला, कमरेला कोयती खोचली आणि सरसर वर चढली. धनेश ओरडत तिच्या डोक्याभोवती फिरायला लागला. तिनं पहिला घाव घातला, ओरखडासुद्धा नाही. ती माती होती की दगड, देव जाणे. दुसरा घाव घातला, कपचा उडाला. तिसरा घातला आणि अख्खी भिंत ढासळली.

राणीनं आत डोकावलं. बाई बाई बाई, काय सांगू तुम्हाला! आत धनेशीण होती, पण पंखांना पिसं नव्हती! शेपटी नव्हती! सोललेल्या कणसासारखी उघडीवाघडी बसली होती बिचारी. पोटाखाली एक पांढरं अंडं होतं आणि तिची सगळी पिसं तळाशी पडलेली. राणीला घेरीच आली. शिडी घट्ट धरली म्हणून वाचली.

"कोंडलंस ते कोंडलंस," ती धनेशावर ओरडली, "आणि पिसंही उपटलीस? धरा रे त्याला!"

खाली लोकांनी घोंगडी उडवली आणि धनेश सापडला. पण आता ठेवायचा कुठे? कोठडी नाही, पिंजरा नाही, खुराडंसुद्धा नाही. सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. मग राणीच खाली उतरली. नारळ आणलेली भली थोरली वेताची पाटी तिनं उचलली, त्याच्यावर पालथी घातली आणि वर धोंडा ठेवला. "आता तुला कळेल कसं वाटतं ते!"

ऐकलंत का? कुणी केलं हे? जिनं राज्यातलं दार न दार जाळलं, तिनं! राजाला तर धक्काच बसला. तो हळूच म्हणाला, "राणीसरकार, ही तर कोठीच झाली की." पण रागानं तिचे कान बंद झालेले. ती पुन्हा शिडी चढली आणि गोड आवाजात म्हणाली, "ये बाई, ये. सुटलीस तू."

आणि धनेशीण बोलली! "कोण गं तू? माझं दार का फोडलंस?"

राणीच्या पायाखालची शिडी हलली. वासू, तू का हलतोस? नीट झोप.

"तुझं दार?" राणी म्हणाली. "तुझ्या नवऱ्यानं तुला कोंडली होती ना?"

"तो कोण मला कोंडणार! दार मी लावलं, आतून. माझ्या शिटेनं आणि फळांच्या चोथ्यानं लिंपलं, चोचीनं थापटून थापटून." शी काय म्हणता रे? आपण नाही का शेणानं अंगण सारवत? तसंच तिचं. "पिसंही मीच गाळली. नवी येईतो मला उडता येत नाही. म्हणून दार लावून घ्यायचं, अंडं उबवायचं आणि तो आणेल ते खायचं. आमच्यात हे असंच असतं. बाळंतिणीच्या खोलीचं दार कुणी कोयतीनं फोडतं का गं?"

राणीनं खाली पडलेल्या भिंतीच्या कपच्यांकडे पाहिलं. 

"आणि तो कुठाय?" धनेशिणीनं विचारलं.

"पाटीखाली," राणी म्हणाली. कशीबशीच म्हणाली.

मग ती वरूनच ओरडली, "अहो, पाटी उचला! आधी ती पाटी उचला!" राजानं धोंडा ढकलला, पाटी उचलली. धनेश बाहेर पडला तो असा घाबरलेला की झाडाकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. घूस, घूस, घूस, थेट डोंगराच्या पलीकडे. आवाज लांब गेला आणि मग ऐकू येईनासा झाला.

"तो परत नाही आला तर?" राणीनं विचारलं.

"तर मी उपाशी मरेन," धनेशीण म्हणाली. "आणि मी गेले की अंडंही गेलं."

इतकं सरळ सांगितलं तिनं. रडली नाही, काही नाही. राणीला मात्र आपल्याच हाताची किळस आली. तिनं भराभर उंबरं मागवली, निवडून निवडून पिकलेली, आणि ओंजळीत धरून पुढे केली. धनेशिणीनं तोंड फिरवलं. "तुझ्या हातचं मला नको," म्हणाली.

त्यात मोडलेल्या ढोलीचा वास रानात पसरला होता. मग बेहड्याच्या खोडावरून काहीतरी वर यायला लागलं. खर्र, खर्र. घोरपड! दुभंगलेली जीभ काढत, सालीत नखं रुतवत, अंड्याच्या वासावर. खाली प्रधानजींनी डोळे झाकून घेतले. राणीनं कोयतीचा दांडा तिच्या नाकावर हाणला, तशी ती धप्पकन पाचोळ्यात पडली आणि सेनापतीच्या दोन पायांमधून पळाली. मग वरच्या फांदीवरून उदमांजर आलं. त्याला राणीनं नुसतं असं काही फिस्स केलं, की तेच घाबरलं. आणि मग आला अजगर. मांडीएवढा जाड, आवाज नाही, घाई नाही. त्याला काय मारणार? राणी ढोलीखालच्या फांदीवर पाय रोवून ढोलीच्या तोंडात पाठ टेकून बसली. आपल्या पाठीनंच भोक बुजवलं तिनं, आणि डोळे मिटून घेतले. अजगर तिच्या पावलांवरून गेला. थंडगार. गेला, गेला, संपतच नव्हता.  मग शेपूट सरकली आणि तो पलीकडच्या झाडावर उतरला. राणीनं डोळे उघडले, तर तिचे दात वाजत होते.

"अशी किती वेळ बसशील?" मागून धनेशीण म्हणाली. "भिंत हवी मला."

मग राणीनं गवंड्याला बोलावून चुना मागवला, राजवाड्याला लावतात तो. तिनं तो बाहेरून लावला. धनेशिणीनं एक ठोसा मारला आणि चुना खाली. मग नदीकाठची तांबडी माती आणली, मळून मळून लोण्यासारखी केली आणि बाहेरून लिंपली. धनेशिणीनं तीही पाडली. राणीला रडू फुटलं. "अगं, मग करू तरी काय मी?"

"बाहेरून लावलेलं मला चालत नाही," धनेशीण म्हणाली. "माती इथे धर आणि गप्प बस."

मग राणीनं मातीचा गोळा तळहातावर घेतला, हात ढोलीशी नेला आणि गप्प बसली. राणी झाल्यापासून तिला कुणी गप्प बस म्हटलं नव्हतं, बरं का! पण बसली. धनेशीण पुढे आली. चोचीनं चिमूटभर माती उचलली, तिच्यात आपलं काय काय कालवलं आणि आतून कडेला थापली. मग आणखी उचलली. आणखी थापली. राणीचा हात दुखून आला, खांदा भरून आला, पण तिनं हात हलवला नाही. भिंत वर चढत गेली. आधी पोट दिसेनासं झालं, मग मान. शेवटी फटीतून एकच डोळा दिसत होता. आणि तो डोळा घाबरलेला नव्हता. कोठीतल्या मुलीचा डोळा असा नव्हता, हे राणीला ठाऊक होतं.

आपण पाहिली ती कडी वेगळी आणि ही वेगळी, हे तिला तेव्हा कळलं. ती हमसून हमसून रडली. लहानपणी कोठीत रडली होती, त्यानंतर अशी आजच रडली.

मग ती खाली आली. सगळे देवराईच्या कडेला जाऊन बसले.  ऊन डोंगरावर चढलं, पाखरं घरट्यात परतायला लागली, पण धनेश काही येईना. राजा म्हणाला, "येईल हो." राणी म्हणाली, "मी नसते आले. ज्यानं पाटीखाली घातलं, तो जिथे बसलाय तिथे मी नसते आले."

आणि तेवढ्यात, घूस. पुन्हा घूस, घूस! तो आला. झाडाभोवती फिरला. बसला नाही, पुन्हा फिरला. मग बसला. लाल डोळ्यांनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं. फटीतून चोचीचं टोक बाहेर आलं. त्यानं मान वाकवली, घशातून एक उंबर काढलं आणि दिलं. मग आणखी एक. मग आणखी. किती भरून आणली होती त्यानं, पोटात की पिशवीत! गुरव आश्चर्यानं म्हणाला, "पळाला नव्हता तर! उंबरं आणायला गेला होता!" राणीनं पदरात तोंड लपवलं.

घरी आल्यावर तिनं राज्यातले सगळे सुतार बोलावले. "दारं करा," म्हणाली. सुतार बघतच राहिले. त्यांना वाटलं, ऐकण्यात काही चूक झाली. एकानं भीत भीत विचारलं, "कडी कुठल्या बाजूनं?" राणी म्हणाली, "आतून. बाहेरून कुणी कडी लावली, तर त्याला मी बघून घेईन." मग घरोघरी दारं आली. लेकी, सुना, म्हाताऱ्या, सगळ्यांनी आत जाऊन आधी कडी लावून बघितली. आणि मग उघडून बघितली. पुन्हा लावली, पुन्हा उघडली. गावभर नुसता खटखटाट!

झोपलात का रे? नाही? मग अजून एक नवल राहिलंय.

पावसाच्या आधी एक दिवस निरोप आला की ढोली फुटली. राणी अनवाणी धावली. बघते तर धनेशीण बाहेर, फांदीवर. काळीभोर नवी पिसं, पांढरी शेपूट, नुसती झळकत होती! भिंत तिनंच फोडली होती. आत मात्र पिल्लू होतं, अर्धंच वाढलेलं, पंख बोथट, मोठ्या डोक्याचं. राणीनं आनंदानं टाळी वाजवली आणि हात तसेच राहिले. कारण त्या पिल्लानं काय केलं, माहीत आहे? त्यानं ढोलीच्या तोंडाशी पडलेली माती उचलली आणि भिंत घालायला लागलं! आतून! स्वतः!

"अगंबाई! याला कुणी शिकवलं?" राणी म्हणाली. कुणालाच सांगता येईना. बघता बघता पिल्लू भिंतीआड गेलं, आणि आता आईबाप दोघं बाहेरून भरवायला लागले.

मग पुष्कळ दिवस गेले, आणि एका सकाळी भिंतीआडून आवाज यायला लागला. टक, टक. पिल्लाला बाहेर यायचं होतं. सगळं गाव जमलं. टक, टक, टक. पण भिंत पक्की. मग आवाज बारीक झाला. मग थांबलाच. आत काहीच हालेना.

राणीचा जीव तोंडाला आला. तिनं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. सेनापती शिडी घेऊन पुढे आला. राणीचा हात आपोआप कमरेच्या कोयतीवर गेला. एक घाव, की झालं!  मग तिनं कोयती काढली आणि राजाच्या हातात दिली. "धरा हे," म्हणाली. "मी मागितली तरी देऊ नका."

आणि ती झाडाखाली मातीत बसली. सगळे बसले. सेनापतीही शिडी टेकवून बसला. धनेश आणि धनेशीण समोरच्या फांदीवर होते, तेही काही करत नव्हते. बराच वेळ गेला. आणि मग, टक!

टक, टक, आणि कपचा उडाला. चोच बाहेर आली. मग डोकं, धुळीनं माखलेलं. मग पिल्लू अर्धं बाहेर, अर्धं आत, असं अडकून सगळ्यांकडे बघत राहिलं. आणि मग पडलं की उडालं कुणास ठाऊक, पण हवेत गेलं, पंख हापटत, वेडंवाकडं, आणि आईजवळच्या फांदीला जाऊन लटकलं.

राणी उठून उभी राहिली. हसत होती, रडत होती आणि ओरडत होती, "त्याचं त्यानं उघडलं! अहो, बघितलंत का, त्याचं त्यानं उघडलं!"

पुढे ती पाखरं रानात सुखानं राहिली, राजा-राणी घरी सुखानं राहिले, आणि त्या राज्यात ज्याला हवं तेव्हा त्यानं दार लावलं आणि हवं तेव्हा उघडलं. झाली गोष्ट. आता डोळे मिट बघू, वासू. मी हात ठेवून मिटवू? नाही रे राजा, मी नाही मिटवणार. पापण्यांना कडी आतूनच असते.